जुन्या डॅनिश-स्वीडिश मेणबत्तीदाण्या: कोण कोण जमवतंय?

केतकी_डेन्मार्क

नमस्कार मंडळी,

हा धागा काढायचं कधीपासून मनात होतं. आज साडेचारलाच बाहेर मिट्ट काळोख झाला, खिडकीतल्या तिन्ही मेणबत्त्या लावल्या आणि म्हटलं, आता लिहूनच टाकू.

मी नऊ वर्षं कोपनहेगनला आहे. पहिल्या हिवाळ्यात या अंधाराने जीव नकोसा झाला होता. डिसेंबरात सूर्य पावणेचारच्या आत मावळतो, दिवस जेमतेम सात तासांचा. ऑफिसातल्या एक बाई म्हणाल्या, छताचा दिवा बंद कर, मेणबत्त्या लाव, बरं वाटेल. मला ते उलटंच वाटलं. आपल्याकडे दिवेलागणीला घर उजळायचं असतं. पण करून पाहिलं. इथे मेणबत्तीच्या उजेडाला 'लेवेन्ने ल्यूस' म्हणतात, म्हणजे जिवंत उजेड. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच मी खिडकीकडे पाठ न करता बसले.

त्याच महिन्यात रविवारच्या जुन्या बाजारात एका आजींच्या टेबलावर एक ठेंगणी मेणबत्तीदाणी दिसली. मुठीएवढी, पोटाशी फुगीर. रंग निळा, पण सगळीकडे सारखा नाही. खोलगट जागी जवळजवळ काळा, आणि कंगोऱ्यांवर ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा थर) पातळ होऊन खालचा तपकिरी रंग डोकावत होता. भोकात कुणाच्या तरी नाताळचं लाल मेण तसंच राहिलेलं. २० क्रोनर दिले. घरी आणून उलटी केली, तर तळाशी 'सोहोल्म, बोर्नहोल्म, डेन्मार्क' आणि खाली चार आकडे. ते आकडे म्हणजे साल असं मी धरून चालले होते. तो नमुन्याचा क्रमांक असतो, हे कळायला वर्ष गेलं.

आज माझ्याकडे १४ आहेत. त्यातल्या ११ बोर्नहोल्मच्या. हे बाल्टिक समुद्रातलं डॅनिश बेट, पण डेन्मार्कपेक्षा स्वीडनला जवळ. तिथे चांगली माती मिळते, केओलिन म्हणजे पांढरी चिनी मातीही सापडते, त्यामुळे रोन्ने या गावात पिढ्यान्‌पिढ्या भांड्यांचे कारखाने चालले. सोहोल्म १८३५ पासून १९९६ पर्यंत. योर्ट हा कारखाना १८५९ चा, त्याची खूण हरणाची, कारण योर्ट या शब्दाचा अर्थच हरीण. आणि मिकेल अँडरसन यांचा कारखाना, ज्याच्या तळाशी तीन हेरिंग मासे असतात. मला हे तळ बघायचं वेड लागलंय. कुणाच्याही घरी गेले की हात आधी मेणबत्तीदाणी उलटी करायला जातो.

तुम्ही कुणी जमवता का? स्वीडन-नॉर्वेकडचं मला फारसं ठाऊक नाही. आणि भारतात घरी नेली असेल कुणी, तर तिथे ती कशी वापरता, हेही ऐकायचंय.

निखिल_गोथेनबर्ग

केतकी, वा! मला वाटायचं हा नाद मला एकट्यालाच आहे.

स्वीडिशमध्ये मेणबत्तीदाणीला 'यूसस्ताके' म्हणतात. इथल्या भांड्यांच्या कारखान्यांतली दोन मोठी नावं रोर्स्ट्रांड आणि गुस्ताव्सबेर्ग. रोर्स्ट्रांड १७२६ चं, म्हणजे आपल्याकडे थोरल्या बाजीरावांची पेशवाई चालू होती तेव्हाचं. खूण तीन मुकुटांची. गुस्ताव्सबेर्ग स्टॉकहोमजवळ, खूण जहाजाच्या नांगराची. स्टिग लिंडबेर्ग (१९१६–१९८२) आणि लिसा लार्सन (१९३१–२०२४) हे दोघं नामवंत कलाकारही तिथलेच. लिसा लार्सनच्या मातीच्या मांजरी आणि सिंह इथे लहान मुलंही ओळखतात.

डॅनिश कारखान्यांच्या तळाच्या खुणांबद्दल अजून थोडं. रॉयल कोपनहेगनच्या (१७७५) तीन निळ्या लाटा म्हणजे डेन्मार्कच्या तीन सामुद्रधुन्या. बिंग अँड ग्रोन्डाल (१८५३) चे तीन बुरूज कोपनहेगन शहराच्या चिन्हातले. केलर (१८३९, नेस्त्वेद गाव) ची खूण एच, ए, के ही एकात एक गुंफलेली अक्षरं. रॉयल कोपनहेगनच्या तळाशी नावातल्या एखाद्या अक्षराच्या वर किंवा खाली बारीकशी रेघ असते. १९३५ नंतर ती कुठल्या अक्षराला आहे यावरून साल काढता येतं. आणि लाटांवरून आडवा ओरखडा काढलेला दिसला तर तो माल कारखान्यानेच दुय्यम ठरवलेला. माझ्याकडे तसा एक आहे. दोष शोधून शोधून दमलो, सापडला नाही. मला तोच जास्त आवडतो.

काहींच्या तळाला हिरवं फेल्ट चिकटवलेलं असतं. ते हलक्या हाताने सोडवून बघा, खाली खूण लपलेली असू शकते.

मातीचाक

मी सिरॅमिक्सचं शिक्षण घेतलंय आणि आता कोल्हापुरात स्वतःची छोटी भट्टी चालवते. संग्रह नाही, पण या भांड्यांचे फोटो आम्हाला वर्गात दाखवायचे तेव्हापासून त्यांच्यावर जीव आहे.

केतकी, तू कंगोऱ्यावरच्या तपकिरीबद्दल लिहिलंस ते फार बरोबर टिपलंस. भट्टीत ग्लेझ वितळलं की ते उंचवट्यावरून ओघळून खोलगट भागात साचतं. जिथे साचतं तिथे कोबाल्टचा निळा गडद होतो, जिथे पातळ राहतं तिथे लोहाचा तपकिरी दिसतो. म्हणजे घडवणाऱ्याने कंगोरे नुसते नक्षीसाठी ठेवले नाहीत, रंग कुठे फुटायला हवा हे त्यातूनच ठरवलंय. एकच ग्लेझ आणि दोन रंग. हे साधायला चाचणीचे किती तुकडे भाजावे लागतात ते भट्टीवाल्यालाच ठाऊक.

खरेदी करताना दोन गोष्टी. एक, तळहातावर ठेवून नखाने टिचकी मारा. स्टोनवेअर बाराशे अंशांच्या पुढे भाजलेलं असतं, ते खणखणीत वाजतं. आवाज बद्द आला तर कुठेतरी केसाएवढा तडा आहे असं समजा. कमी तापमानाला भाजलेली मातीही जरा बद्द वाजते, तेव्हा आधी माती कुठली ते बघा. दोन, खिशातला अतिनील टॉर्च. नंतर भरलेली जागा बहुतेकदा त्या उजेडात वेगळी चमकते.

मिकेल अँडरसन यांच्या 'पर्शिया' ग्लेझवर जे जाळं दिसतं ते मुद्दाम आणलेलं आहे. ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसणारं असलं की थंड होताना त्याला बारीक भेगा पडतात. दानिएल फोल्कमान अँडरसन यांनी हे तंत्र बसवलं आणि १९३५ च्या ब्रुसेल्स प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळालं. अशा दाणीत लाल किंवा निळी मेणबत्ती लावू नका. रंगीत मेण भेगांत शिरलं की निघत नाही. पांढरी किंवा हस्तिदंती लावा.

शशीकाकू_पुणे

अगं केतकी, किती छान लिहिलंयस. माझी लेक स्वीडनमध्ये मालमोला असते. मागच्या खेपेला तिने मला अशीच एक दिली, राखाडी-हिरवी, खरखरीत. मी ती लोकरी मोज्यात गुंडाळून, मोजा डब्यात आणि डबा हातातल्या पिशवीत असा आणला. सामानात टाकायची छातीच झाली नाही.

आमच्या माहेरी वाड्यात पितळेचं एक होतं, त्याला आजी शमादान म्हणायची. मी यालाही शमादानच म्हणते. देवघरात नाही ठेवत, तिथे समई आणि निरांजन. हे जेवणाच्या टेबलावर. पण एक अडचण सांगते. आमच्याकडे पंखा लागतो, आणि पंख्याखाली ज्योत एका बाजूला वाहते, मेण टेबलभर. मग मी पंखा बंद करून रात्री जेवणापुरती अर्धा तास लावते. उन्हाळ्यात तर मेणबत्ती लावलीही नव्हती आणि नुसती उभी राहून वाकली.

वऱ्हाडी_मन

काकू, नागपूरला मे महिन्यात आमची मेणबत्ती दुपारी पार कमानीसारखी झाली होती. तेव्हापासून मेणबत्त्या फ्रिजच्या दारात आणि दाणी शोकेसमध्ये.

माझा एक कळकळीचा प्रश्न आहे, राग मानू नका. मी चार वर्षं ओस्लोत होतो. पोर्सग्रुन आणि फिग्गयो या नॉर्वेच्या कारखान्यांची भांडी तिथल्या जुन्या दुकानांत पुष्कळ बघितली, घेतली नाहीत. कारण मला समजत नव्हतं की मी यातून काय घेतोय. दुसऱ्यांच्या आजीचं घर मोडलं आणि त्यातली वस्तू माझ्या कपाटात आली. तिच्याशी माझं नातं काय? माझ्या आजीचं लामणदिव्याचं जोडपं गावच्या घरात धूळ खातंय. ते आणून लावलं असतं तर जास्त बरं नाही का?

केतकी_डेन्मार्क

वऱ्हाडी_मन, प्रश्न अगदी रास्त आहे. मला स्वतःला तो पडला होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इथे माणूस गेलं की त्याच्या मागे राहिलेल्या सामानाला 'डोद्सबो' म्हणतात. मुलं वेगळ्या शहरात, लहान घरांत. ती फोटो नेतात, एखादी खुर्ची नेतात, उरलेलं धर्मादाय संस्थांच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात जातं. मेणबत्तीदाण्या तिथे शेकड्यांनी असतात. जोड्या फुटलेल्या. एक इकडे, एक तिकडे. मी ती वस्तू कुणाकडून हिसकावून आणत नाही, कुणालाच नको असते तेव्हा आणते.

नातं कसं जुळलं ते सांगते. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात बोर्नहोल्मला गेले. कोपनहेगनहून आगगाडीने पूल ओलांडून स्वीडनमधल्या इस्ताद बंदरात, तिथून ऐंशी मिनिटांची बोट. रोन्नेत योर्टचा जुना कारखाना आता संग्रहालय आहे, आणि तिथे अजूनही माती फिरते. भट्टीची खोली, साच्यांच्या रांगा, ग्लेझच्या बरण्या. मी एका बाईंना चाकावर काम करताना बघत अर्धा तास उभी होते. भोक पाडताना त्यांनी आधी खऱ्या मेणबत्तीचा तुकडा घालून बघितला, मग बोटाने कड किंचित बाहेर वळवली. ती वळवलेली कड माझ्या घरच्या दाणीला आहे. रोज तिच्यावरून बोट फिरवते आणि ती कशासाठी आहे हे मला माहीत नव्हतं. ओघळलेलं मेण तिथे थांबतं.

आणि दुसरं. इथे दर वर्षी ४ मेच्या संध्याकाळी खिडक्यांमध्ये मेणबत्त्या लावतात. १९४५ साली त्या संध्याकाळी बीबीसीच्या डॅनिश बातम्यांत जर्मनांनी शरणागती पत्करल्याचं सांगितलं, लोकांनी युद्धकाळातले काळे पडदे फाडले आणि खिडकीत मेणबत्त्या ठेवल्या. माझ्या शेजारच्या आजी मूळच्या रोन्नेच्या. पहिल्या वर्षी मी त्यांना विचारलं, तुम्हीही लावता का. म्हणाल्या, लावते, पण आमच्या बेटावर तेव्हा ते संपलं नव्हतं. तिथला जर्मन अधिकारी रशियनांना शरण जायला तयार नव्हता. ७ आणि ८ मेला सोव्हिएत विमानांनी रोन्ने आणि नेक्सो ही दोन गावं बाँब टाकून उद्ध्वस्त केली. उरलेला देश नाचत होता तेव्हा. सोव्हिएत सैन्य तिथून हललं ते ५ एप्रिल १९४६ ला. स्वीडनने लाकडी घरं पाठवली, तीनशे. ती अजून उभी आहेत, मी पाहिली.

माझ्या बहुतेक दाण्या साठ-सत्तरच्या दशकातल्या आहेत. म्हणजे राखेतून पुन्हा उभ्या राहिलेल्या गावात घडलेल्या. ४ मेला मी त्या सगळ्या खिडकीत मांडते. आजी खालून बघतात आणि हात करतात. नातं म्हणशील तर हे आहे. आणि लामणदिवे जरूर आण रे. एकामुळे दुसरं अडत नाही.

वऱ्हाडी_मन

पटलं. नेक्सोचं काहीच माहीत नव्हतं. सुट्टीत गावी जातोय, लामणदिवे घेऊनच येतो.

तळमजला

मी स्टॉकहोमला असतो, गेली पंधरा वर्षं जमवतोय. एका मुद्द्यावर माझं ठाम वेगळं मत आहे. चांगल्या वस्तू पेटवू नयेत.

माझ्याकडे साक्सबोची एक आहे. साक्सबो म्हणजे नाताली क्रेब्स यांनी कोपनहेगनजवळ चालवलेला कारखाना, १९६८ ला बंद झाला. त्या शिक्षणाने रसायनतज्ज्ञ, ग्लेझ त्यांचं, आणि कितीतरी आकार एवा स्टेर-नील्सन यांचे. ते मॅट ग्लेझ हाताला अंड्याच्या कवचासारखं लागतं. त्यावर काजळी बसली की घासावं लागतं, आणि घासलं की ते कवच गेलं. ज्या भट्ट्या कायमच्या विझल्या त्यांचा माल पुन्हा येणार नाही. आपण त्याचे मालक नाही, राखणदार आहोत.

मातीचाक

तळमजला, साक्सबोबद्दल तुमचं म्हणणं मान्य. मॅट ग्लेझवर घासणीचा एक फटकाही दिसतो. पण घडवणाऱ्याच्या बाजूने एक सांगू? मी जेव्हा मेणबत्तीदाणी करते तेव्हा ती पूर्ण झालेली मी कधीच बघत नाही. भट्टीतून निघते तेव्हा अर्धीच असते. ज्योत वरून खाली पडली की पोटाच्या फुगवट्यावर एक चकाकी येते आणि तळाशी सावलीचं वर्तुळ. आकार त्यासाठी ठरवलेला असतो. न लावता ठेवली तर ती अर्धीच राहते.

काजळीचं कारण बहुधा लांब वात किंवा वारा. वात नखाएवढी कापून लावा, झोतात ठेवू नका, आणि मेणबत्ती तळापर्यंत जळू देऊ नका. दोन बोटं उरली की विझवा. तडे जातात ते बहुतेक शेवटच्या इंचात, कारण तेव्हा ज्योत थेट मातीला तापवते.

निखिल_गोथेनबर्ग

इथे मेणाचा प्रकारही महत्त्वाचा. पॅराफिन मऊ, लवकर ओघळतं. स्टिअरिन कडक, कमी गळतं. स्वीडनमध्ये लिल्येहोल्मेन्सचा स्टिअरिन कारखाना १८३९ पासूनचा आहे. डॅनिशमध्ये तर मेणबत्तीचं रोजचं नावच 'स्टिअरिनल्यूस' ना, केतकी?

जाडीचं बघून घ्या. इथली नेहमीची उंच मेणबत्ती साधारण २.२ सेंटिमीटर जाड असते. जुन्या कित्येक दाण्यांची भोकं त्याहून अरुंद. मी पहिल्याच वर्षी एका तपकिरी, सुंदर दाणीत मेणबत्ती दाबून बसवली. टक्क असा आवाज आला आणि कड उभी चिरली. अजून ठेवली आहे, चिरलेली बाजू भिंतीकडे करून नाही, समोर करून, म्हणजे पुन्हा तसं करणार नाही. मेणबत्तीचं बूड चाकूने तासा, किंवा क्षणभर गरम पाण्यात बुडवून मऊ करा आणि मग बसवा. भोक मोठं असेल तर बुडाला चांदीचा कागद गुंडाळा.

शशीकाकू_पुणे

आणि आत अडकलेलं मेण कसं काढायचं गं? मी सुईने टोकरत होते, लेक ओरडली.

केतकी_डेन्मार्क

काकू, सुई नको, ग्लेझला ओरखडे जातात. केस वाळवायच्या यंत्राने लांबून हळूहळू गरम करा, मेण मऊ झालं की लाकडी काडीने काढा आणि कापडाने पुसा. मग कोमट पाणी आणि साबण. एकदम उकळतं पाणी ओतायचं नाही. आणि काढलेलं मेण मोरीत जाऊ द्यायचं नाही, नळीत गोठतं. काही जण फ्रीजरमध्ये ठेवतात. मेण आकसून सुटतं खरं, पण आत बारीक तडा आणि त्यात ओल असेल तर तो वाढतो. मी ते करत नाही.

निखिल, हो, स्टिअरिनल्यूसच.

तळमजला, तुमच्या साक्सबोसाठी मी आग्रह धरणार नाही. पण सोहोल्मच्या या निळ्या दाण्या मुळातच रोजच्या होत्या. उन्हाळ्यात बेटावर आलेल्या सुट्टीवाल्यांनी घेऊन जायच्या, नोव्हेंबरात घरी लावायच्या. त्या काचेआड ठेवल्या की मला त्या बंद घरासारख्या वाटतात.

तळमजला

विचार करतोय. माझ्या कपाटात सोहोल्मच्याही दोन आहेत, एइनार योहान्सन यांच्या नमुन्याच्या. त्या कधीच लावलेल्या नाहीत. १३ डिसेंबरला लुसियाचा सण आहे, इथे पहाटे सगळीकडे मेणबत्त्या असतात. त्या दिवशी लावून बघतो.

निखिल_गोथेनबर्ग

केतकी, हे वेगळं लिहितोय. परवा कामासाठी लुंडला गेलो होतो, तिथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात एक ठेंगणी निळी दाणी दिसली. पोटाशी फुगीर, कंगोरे. तुझ्या वर्णनावरून ओळखली आणि घेऊनच आलो. तळाशी सोहोल्म आणि चार आकडे. आकड्यांचा फोटो तुला व्यक्तिगत निरोपात टाकलाय. जुळतायत का बघ.

केतकी_डेन्मार्क

चारही जुळले! मी आत्ता दोनदा उलटी करून बघितली. पण निळा वेगळा आहे रे. तुझ्याकडची जवळजवळ हिरव्याकडे झुकते, माझी काळ्याकडे.

मातीचाक

साचा एकच, फक्त भट्टीतली जागा वेगळी असेल. आचेच्या जवळची आणि लांबची एकसारखी निघत नाही. किंवा ग्लेझची बादली निराळी. दोन्हींच्या कंगोऱ्यांवर तपकिरी सारखाच आहे का ते सांग, उत्सुकता आहे.

केतकी_डेन्मार्क

निखिल, ती ठेवून दे, दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. येत्या शनिवारी मालमोला येते, तूही ये. माझी पण आणते. काकू, तुमच्या लेकीला चालणार असेल तर तिच्याच टेबलावर दोन्ही शेजारी मांडू, फोटो इथे टाकते. मेणबत्त्या मी आणीन, पांढऱ्या, बूड तासून.

शशीकाकू_पुणे

लेकीला आत्ताच फोन केला. दुपारी तीनला या म्हणाली, साडेतीनला अंधार होतो म्हणे तिकडे. पोहे करणार आहे.